डाव्या गालाची खरी हकीकत

४ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाई हिस आशीर्वाद.

तू, तुझा नवरा व भिंगरी असे तिघे हे घर सोडून गेल्याला या महिन्यात एकोणीस महिने पूर्ण होतात. या काळात मी तुला पत्र लिहिले नाही व तूही मला लिहिले नाहीस. तेव्हा हे पाकीट पाहून माझे काही बरेवाईट झाले असावे, असे तुला वाटण्याचा संभव आहे. तसे काही नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. मी काही मागण्याकरिता लिहीत नाही, हेही प्रथमच स्पष्ट करतो, म्हणजे पुढचे तू निर्धास्तपणे वाचशील.

प्रकृती उत्तम आहे असे वर लिहून गेलो. ते खोडत नाही, कारण खाडाखोड केलेले पत्र टपालात टाकणे मला मान्य नाही. परंतु ते वाक्य तितकेसे खरे नाही.

मला चेहऱ्याचा एक आजार आहे. तो गेली तीन वर्षे आहे, म्हणजे तुम्ही सर्व येथे राहत होता तेव्हाही होता. चेहऱ्याच्या डाव्या बाजूस एकाएकी कळ उठते. कळ हा शब्द अपुरा आहे. उघडी तार ओल्या हाताने धरल्यावर जे होते, ते गालात होते. चार-सहा क्षण टिकते व जाते. पुन्हा केव्हा येईल, याचा नेम नसतो. चावताना येते, बोलताना येते, तोंडावर वारा आला तरी येते. या गोष्टीची मी कोणासही वाच्यता केली नव्हती. ती तुझ्या नवऱ्यासही ठाऊक नाही.

नेहमीच्या डॉक्टरांनी मला मोठ्या इस्पितळातील वेदनाशमन विभागात धाडले. तेथे एक डॉक्टरीणबाई आहेत. वयाने तुझ्याएवढ्याच असतील. माझ्याकडे पाहून त्यांनी पहिला प्रश्न आजाराचा विचारलाच नाही.

"आजोबा, काय काम करता?"

"न्हावी आहे. एक्कावन्न वर्षे झाली."

"मग ही डावी दाढी कोणासाठी राखलीय?"

"सहज," मी म्हणालो.

"उजवा गाल आरशासारखा आणि डावीकडे दोन बोटं दाढी. असं सहज नाही होत आजोबा."

त्यांनी कापसाचा लहानसा पुंजका घेतला व माझ्या गालाच्या दिशेने नुसता हात पुढे केला. मी मागे सरकलो तो खुर्चीची पाठ भिंतीला लागली. त्यांनी कापूस खाली ठेवला आणि म्हणाल्या, "झालं माझं निदान."

त्यांनी मला सर्व नीट समजावून सांगितले, ते मी तुला सांगतो. चेहऱ्याची जाणीव मेंदूकडे पोचवणारी एक नस असते. तिला तीन फांद्या. एक कपाळाकडे जाते, दुसरी गालाकडे व वरच्या ओठाकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. त्या नसेच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी टेकून वर्षानुवर्षे ठोके देत राहिली की नसेवरचे आवरण झिजते. मग साध्या स्पर्शाचीही ती वीज करून टाकते. यावर गोळ्या असतात. फेफरे येणाऱ्यांस देतात, त्याच. मी त्या दोन महिने घेतल्या. कळा कमी झाल्या, पण तोल जाऊ लागला, रक्तातील मीठ उतरले आणि एकदा मोरीत पडलो. कवटी उघडून शस्त्रक्रिया करतात, पण माझ्या हृदयाला ती झेपणार नाही. उरला उपाय तो नर्व्ह ब्लॉकचा. म्हणजे नेमक्या त्या नसेपाशी सुई नेऊन तिला औषधाने गप्प करायचे.

"कळ कुठून सुरू होते? एका बोटाने दाखवा," त्या म्हणाल्या. मी खालच्या जबड्यावर बोट ठेवले. त्याप्रमाणे गेल्या मंगळवारी ते इंजेक्शन झाले. दोन मिनिटांत खालचा ओठ दुसऱ्या कोणाचा तरी उसना आणून लावल्यासारखा झाला. बाईंनी विचारले, "कसं वाटतंय?" मी म्हणालो, "आपल्या कृपेने उत्तम." आता गुण आहे.

हे सर्व तुला कळवण्याचे कारण असे. तू येथे असताना माझ्या ताटातले अन्न हळूहळू मऊ होत गेले होते. भात अधिक शिजलेला, भाजी कुस्करलेली, पावाच्या कडा काढलेल्या. तू मला काही विचारले नाहीस व मी तुला काही सांगितले नाही. उलट दोन वेळा, "मी काही तान्हा नाही," असे म्हणून मी ताट परत धाडले. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा तसेच मऊ आले. त्या अन्नावर मी जगलो, सूनबाई. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानतो.

उत्तर लिहिण्याची तसदी घेऊ नये. पत्ता मात्र जुनाच आहे.

तुझा सासरा

२२ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाई हिस आशीर्वाद.

मागील पत्रात गुण आहे असे लिहिले होते. गुण नव्हता. ते पत्र लिहिताना मला दोन वेळा लेखणी खाली ठेवावी लागली होती.

ही गोष्ट मी कदाचित तशीच राहू दिली असती. परंतु दहा तारखेस दुकानात एक प्रसंग घडला. आपल्याकडे दर मंगळवारी व शनिवारी दाढीस येणारे निवृत्त मुख्याध्यापक तुला आठवत असतील. डोळे मिटून बसतात आणि मधून मधून बातम्या मला वाचून दाखवायला लावतात, ते. त्यांच्या कानाखाली माझा वस्तरा होता. कोणी तरी दार उघडले, बाहेरचा गार वारा आत आला व माझ्या गालात वीज पडली. मी वस्तरा उचलला, परंतु अर्धा क्षण उशीर झाला. त्यांच्या कानाखाली तांदळाएवढी जखम झाली. एक्कावन्न वर्षांत असे झाले नव्हते असे म्हणणार नाही, परंतु माझ्या हाताच्या दोषाने झाले नव्हते. मुख्याध्यापक डोळे न उघडता म्हणाले, "तुरटी लावा आणि पुढचं वाचा." ते थोर आहेत. मी मात्र वस्तरा पुन्हा लावू धजलो नाही.

दुसऱ्या खुर्चीवाला, जो गेली तीस वर्षे माझ्या शेजारी उभा राहून केस कापतो व मला मुद्दाम 'मालक' म्हणून चिडवतो, त्याने माझ्या हातातला वस्तरा काढून घेतला. त्यांची उरलेली दाढी त्याने पुरी केली व त्यांना दारापर्यंत पोचवले. मग म्हणाला, "मालक, आज कान होता. उद्या गळा असेल. चपला घाला."

"बाईंनी इलाज केलेला आहे. पुन्हा कशाला त्रास द्यायचा?"

"इलाज झालाय तर ही अर्धी छापलेली जाहिरात कशाला घेऊन फिरताय तोंडावर? गिऱ्हाइकं मला विचारतात, म्हातारा कुणाशी पैज हरलाय म्हणून!"

अशा रीतीने मला नेण्यात आले. डॉक्टरीणबाईंनी माझे कागद उघडले.

"मागच्या वेळी तुम्ही 'उत्तम' म्हणालात, आजोबा."

"म्हणालो."

"उत्तम होतं का?"

"नव्हते."

"मग म्हणालात का?"

मी खरे ते सांगितले. "आपण एवढे कष्ट घेतले होते. गुण नाही, असे आपल्या तोंडावर म्हणणे शोभले नसते."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "आजोबा, मी तुमच्या सभ्यतेला इंजेक्शन देऊ शकत नाही हो. नसेला देऊ शकते. आणि ती कुठली, हे या जगात फक्त तुम्हालाच माहीत आहे. आता सांगा. सुरू कुठून होते?"

मी नाकपुडीच्या बाजूस, वरच्या ओठाच्या कडेला बोट नेले. लावले नाही, नुसते जवळ नेले.

"मग त्या दिवशी खालचा जबडा का दाखवलात?"

दुसऱ्या खुर्चीवाला माझ्या मागे उभा होता. त्याच्यासमोर हे सांगणे मला फार जड गेले. तीन वर्षांपूर्वी दुखणे सुरू झाले, तेव्हा मला ते खालच्या दाढांचे वाटले होते. दंतवैद्य माझे जुने गिऱ्हाईक. त्यांनी तपासून सांगितले की दाढा धडधाकट आहेत, काढण्याचे कारण नाही. मी म्हणालो, तुम्ही काढा. एक काढली. कळ राहिली. मी म्हणालो, शेजारची असेल. अशा तीन दाढा गेल्या. त्यानंतर मला कळून चुकले होते की दुखणे वर आहे. परंतु वर आहे असे म्हटले, तर तीन चांगल्या दाढा मी स्वतःच्या हट्टाने घालवल्या हे मान्य करावे लागले असते.

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तीन दाढा वाया जाऊ नयेत म्हणून तुम्ही माझं इंजेक्शन वाया घालवलंत." सिस्टर तोंडाला हात लावून हसल्या. दुसऱ्या खुर्चीवाला मोठ्याने हसला. मीही हसलो असतो, पण हसल्यानेही कळ येते.

गुरुवारी मला पुन्हा घेतले. एका अरुंद टेबलावर निजवून डोके पट्टीने स्थिर बांधले. एक्स-रेचे यंत्र डोक्याभोवती कमानीसारखे फिरते. त्यात पाहत पाहत सुई गालातून आत, कवटीच्या तळाशी असलेल्या एका छिद्राकडे नेतात. मला जागे ठेवले होते, कारण सुई बरोबर जागी पोचली की नाही, हे रोग्यानेच सांगायचे असते. सुईतून अगदी सौम्य वीज सोडतात आणि विचारतात.

"मुंग्या कुठे येतायत?"

"वरच्या ओठात. नाकाच्या बाजूला."

"नक्की? का मला बरं वाटावं म्हणून?"

"नक्की."

"दुखतंय किती? शून्य ते दहा."

"सहा."

"न्हाव्याचे सहा का माणसाचे सहा?"

सूनबाई, माझ्या डोक्याला पट्टी बांधलेली होती, सिस्टरने माझा हात धरला होता, आणि मी छताकडे पाहत म्हणालो, "दहा." असे मी आयुष्यात प्रथमच मोठ्याने म्हणालो. कोणी हसले नाही. बाई एवढेच म्हणाल्या, "आता मला दिसलं. थांबा."

प्रथम बधिर करणारे औषध सोडले. दोन-तीन मिनिटे गेली. मग त्यांनी कापूस लावला. मी अंग आखडून वाट पाहत होतो. काही झाले नाही. त्यांनी बोट लावले. नंतर सिस्टरने ओल्या फडक्याने माझा सबंध गाल पुसला, वर-खाली, ताट पुसावे तसा. काही झाले नाही. जागा बरोबर आहे याची खात्री झाल्यावर मला थोडा वेळ झोपवून त्याच सुईतून नसेला मोजका शेक दिला. त्याने परिणाम पुष्कळ दिवस टिकतो. कोणाला काही महिने, कोणाला दोन-तीन वर्षे. पुन्हा उलटल्यास पुन्हा करता येते. कायमची हमी नाही, हे त्यांनी मला आधीच सांगून सही घेतली होती.

आज चौथा दिवस. एकही कळ आलेली नाही. हे वाक्य खरे आहे.

तुझा सासरा

६ मार्च

चि. सौ. सूनबाई हिस आशीर्वाद.

तुझे उत्तर आलेले नाही, व मी ते मागितलेही नव्हते. तरी लिहितो, कारण मिळालेले सुख कोणाला तरी कळवावे असे वाटते आणि तुझ्या सासूबाई आता नाहीत.

इस्पितळातून आलो त्या दिवशी दुपारी मी थंड पाण्याने तोंड धुतले. दोन वर्षांत मी तोंड धुतले नव्हते. ओल्या कापडाच्या टोकाने उजवी बाजू टिपत असे आणि डावीकडे पाण्याचा थेंबही जाऊ देत नसे. त्या दिवशी ओंजळ भरून पाणी तोंडावर मारले. सदरा भिजला. पुन्हा मारले. डोळ्यांस पाणी आले, परंतु डावा डोळा कोरडा राहू देऊ नका असे बाईंनी बजावलेलेच आहे, त्यामुळे ते औषधातच धरावे.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खुर्चीवाल्याने माझी डावी दाढी काढली. दुकान अर्धा तास बंद ठेवले. तो म्हणाला, "मालक, तीस वर्षं तुम्ही माझ्या हाताला नावं ठेवलीत. आता वस्तरा माझ्याकडे आहे." त्याने फार हळुवार दाढी केली. मी त्याच्या हातास नाव ठेवण्याजोगे काही पाहिले नाही, व तसे त्यास सांगितले. तो पाठ वळवून आरसे पुसू लागला.

आता या उपायाची दुसरी बाजूही कळवतो, नाहीतर पुन्हा अर्धीच हकीकत होईल. नाकपुडीपासून गालाच्या हाडापर्यंत व वरच्या ओठाच्या अर्ध्या भागात मला जाणीव नाही. जागा माझी आहे, हे आरशात पाहून समजते. चहा निववून प्यावा लागतो, नाहीतर ओठ भाजल्याचे कळत नाही. घास डाव्या बाजूस अडकून राहतो, तो जिभेने शोधून काढावा लागतो. एकदा आतून गाल चावला गेला व रक्त दिसल्यावर कळले. मी स्वतः दाढी करताना त्या बाजूस वस्तरा केवळ नजरेने चालवतो. हाताला गाल लागतो, गालाला हात लागत नाही. बाई म्हणतात, थोडी जाणीव हळूहळू परत येईल, कदाचित सर्व येणार नाही. मी त्यांस सांगितले की हा सौदा मला शंभर वेळा मान्य आहे. हे मी सभ्यतेने म्हटले नाही.

काल रस्त्याने वाऱ्याच्या दिशेने तोंड करून मी चौकापर्यंत चालत गेलो, काही काम नसताना. टपाल कचेरीपाशी उभा राहिलो. डोक्यावरची टोपी उडाली, ती एका बाईंनी उचलून दिली. मी त्यांचे इतके आभार मानले की त्या घाबरल्या असाव्यात.

आणखी एक गोष्ट कळवायची आहे. भिंगरीला भुवईवर दोन टाके पडले, त्या सकाळी ती शाळेला निघण्याआधी नेहमीप्रमाणे माझ्यापाशी आली होती. ती रोज माझ्या उजव्या गालाचा पापा घेऊन शाळेला जात असे. त्या दिवशी तिने दोन्ही तळव्यांत माझा चेहरा धरला. तिची बोटे डाव्या गालावर आली. मला कळ आली. त्यानंतर ती पडली व स्टुलाची कड लागली. म्हणजे त्या प्रसंगास माझे दुखणे कारण होते. पोरीच्या बाबतीत माझ्या मनात कधीच काही नव्हते, हे तुला समजावे, इतकाच हेतू.

तिची भुवई आता कशी आहे?

तुझा सासरा

१९ मार्च

चि. सौ. सूनबाई हिस आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. डोळ्यात घालायचे थेंब वेळेवर घालतो. चहाचा पेला हाताच्या मागच्या बाजूस टेकवून पाहण्याची तुझी युक्ती उत्तम आहे, कालपासून ती अवलंबली आहे. भुवईवर बारीक रेघ राहिली असून ती केसांत झाकते, हे वाचले. एवढ्या आस्थेने लिहिलेस, याबद्दल मी फार आभारी आहे.

तुझ्या पत्रातील शेवटच्या तीन ओळी मी पुष्कळदा वाचल्या. तू लिहितेस, "बाबा, तुम्हाला कुठे दुखत होतं ते कळलं, आणि तेव्हाच कळायला हवं होतं असं वाटून मला वाईट वाटलं. पण त्या दिवशी काय झालं, ते तुम्ही अजून लिहिलेलं नाही. 'त्यानंतर ती पडली' असं लिहिलंय."

होय. तसे लिहिले आहे. मीच लिहिले आहे, आणि लिहिताना माझ्या मनात काय होते, हेही मला ठाऊक आहे.

ती पडली नाही. मी तिला ढकलले. दोन्ही हातांनी, छातीवर, जोराने. कळ आली हे खरे, पण कळ आली तेव्हा हात माझेच होते. ती मागे स्टुलावर गेली. तुझा नवरा धावत आला तेव्हा ती रडत म्हणाली, "आजोबांनी ढकललं." त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "पाय अडखळला तिचा." इतक्या सहजपणे म्हणालो की माझे मलाच खरे वाटले.

ढकलले असे म्हटले असते, तर का, असे कोणी विचारले असते. मग दुखते आहे हे सांगावे लागले असते. तुझा नवरा तेव्हा दुकान बंद करा म्हणून माझ्या मागे लागलेला होता. दुखणे कळले असते तर दुकान गेले असते. हा हिशेब मी एका क्षणात केला. एका बाजूस दुकान होते व दुसऱ्या बाजूस पाच वर्षांची मुलगी.

एवढ्यावर मी थांबलो असतो, तरी गोष्ट निराळी झाली असती. टाके घालून आणल्यावर संध्याकाळी तुझ्या नवऱ्याने तिला जेवणाच्या टेबलाशी उभे केले. आजोबांवर खोटा आळ घेतलास, सॉरी म्हण, असे तो म्हणाला. तो वाईट बाप नाही. त्याचा माझ्यावर विश्वास होता, कारण मी त्याला लहानपणापासून खोटे बोलल्याबद्दल शिक्षा करीत आलो होतो. भिंगरीच्या डोक्याला पट्टी होती. ती म्हणाली, "सॉरी आजोबा, मी खोटं बोलले." आणि मी म्हणालो, "ठीक आहे, पुन्हा बोलू नकोस."

हे मी तीन पत्रांत लिहिले नाही. याच्याभोवती मी तुला नस, सुई आणि एक्स-रे सांगत बसलो. दुखण्याने मला ढकलायला लावले असेल. हे वाक्य मात्र दुखण्याने बोलायला लावलेले नाही. त्या वेळी माझा गाल शांत होता.

तू त्या वेळी टेबलापाशी उभी होतीस. तू पाण्याचे भांडे खाली ठेवलेस, भिंगरीला उचललेस व म्हणालीस, "माझी मुलगी खोटं बोलत नाही." मग तुम्ही आत गेलात. पुढच्या महिन्यात तुम्ही घर सोडले. तू नवऱ्याला माझ्यापासून तोडलेस, असे मी वीस महिने दुकानात येणाऱ्या प्रत्येकास सांगत आलो. उद्यापासून ते दुरुस्त करीन. पहिल्याने मुख्याध्यापकांस सांगेन, म्हणजे इतरांस सांगणे सोपे जाईल.

सूनबाई, मी तुझा ऋणी आहे. मऊ भाताबद्दल मी मागे आभार मानले, ते लहान होते. त्या दिवशी त्या घरात तीन मोठी माणसे होती. त्यांतील एक तरी त्या मुलीच्या शब्दावर उभी राहिली. आपण पाहिले ते खरेच घडले होते, हे तिला तुझ्यामुळे ठाऊक राहिले. माझ्या हातून जे मोडले असते, ते तू धरून ठेवलेस. तू तसे केले नसतेस, तर आज कबुली द्यायलाही मला कोणी उरले नसते. डॉक्टरीणबाईंनी माझा गाल बरा केला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण तू जे केलेस, ते त्याआधीचे आहे आणि त्याहून मोठे आहे.

तुझ्या नवऱ्यास हे तू सांगू नकोस. ते ओझे तुझे नाही. रविवारी त्याचा फोन येईल, तेव्हा मी सांगेन.

एक विनंती आहे. मी मागण्याकरिता लिहीत नाही, असे पहिल्याच पत्रात म्हटले होते, तरी मागतो. भिंगरीस पत्र लिहिण्याची परवानगी मिळावी. तिला येथे पाठव, असे मी म्हणत नाही. तू नाही म्हणालीस, तर ते मला योग्यच वाटेल.

तुझा सासरा

२ एप्रिल

चि. भिंगरी हिस पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

तुझ्या आईने मला तुला पत्र लिहायला परवानगी दिली. तू आता वाचतेस, असे तिने कळवले. म्हणून अक्षर मोठे काढले आहे.

तू लहान होतीस तेव्हा तुझ्या भुवईला लागले होते. तेव्हा तू म्हणालीस, आजोबांनी ढकलले. मी म्हणालो, तू अडखळलीस.

आजोबांनीच ढकलले होते. तू खरे बोललीस. मी खोटे बोललो.

माझ्या गालात फार दुखत होते. तुझा हात लागला आणि अजून दुखले. त्यात तुझी चूक नव्हती. तुला माहीत नव्हते, कारण मी कोणाला सांगितले नव्हते. दुखले तर सांगायचे असते. हे मला एका डॉक्टरीणबाईंनी या वर्षी शिकवले. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा माझे बरेच शिकायचे राहिले होते.

मग तुला टेबलाशी उभे करून सॉरी म्हणायला लावले. तू म्हणालीस. ते सॉरी माझे होते आणि मी ते तुझ्याकडून घेतले. आता मी म्हणतो. सॉरी, भिंगरी. मी खोटे बोललो. पुन्हा बोलणार नाही.

बाबांना मी फोनवर सर्व सांगितले. त्यांनी सर्व ऐकून घेतले. मग म्हणाले, "बाबा, मी तिला उभं केलं होतं." मी म्हणालो, "माझ्या शब्दावर केलं होतंस." त्यांच्यावर रागावायचे असेल तर थोडेच रागव. माझ्यावर हवे तेवढे.

आजोबांना भेटायलाच पाहिजे, असे नाही. पत्र लिहिलेच पाहिजे, असेही नाही. मनात आले तर ये. आलीस, तर माझ्या चेहऱ्याला कुठेही हात लावलास तरी चालेल. डाव्या बाजूला मला कळणार नाही, तेव्हा तिथे हात लावलास तर तोंडाने सांग.

आता एक काम कर. आज जेवायला बसाल, तेव्हा हे पत्र बरोबर घे. तू खुर्चीवर बैस. आई बसेल. बाबांना म्हणावे, तुम्ही उभे राहा. आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. कुठे अडलीस तर थांब, घाई करू नकोस. सगळे ऐकतील.

तुझा आजोबा